उन्हानें वाढणारीं मापें

लोखंड तापलें म्हणजे वाढतें आणि निवालें म्हणजे आटतें, हें वाक्य शाळेंत गेलेल्या प्रत्येक मुलामुलीनें पाठ केलेलें असतें. आम्हीं स्वतः शिक्षकाच्या खुर्चीवरून तें किती वर्गांकडून म्हणवून घेतलें याची गणती नाहीं. पितळेचा गोळा कडींतून आरपार जातो, दिव्यावर धरून तापविला कीं कडीवर अडून बसतो, आणि निवाला कीं टपकन् खालीं पडतो. त्या पडण्याबरोबर वर्गांत जो हंशा पिके तो अद्याप आमच्या कानांत आहे. परीक्षेंत या प्रश्नास दोन गुण असत व ते बहुतेकांस मिळत. परंतु ज्ञान पाठ असणें आणि तें वेळेवर उपयोगीं पडणें या निराळ्या गोष्टी होत. प्रस्तुत लेखांत ज्या प्रकाराविषयीं लिहावयाचें योजिलें आहे त्यांत हे दोन गुण मिळविलेल्या चांगल्या शिकलेल्या माणसांनीं एका निरपराध कारागिरास घरीं बसविलें होतें. तो प्रकार पुढें सांगूं. आधीं वस्तुस्थिति.

ज्या वाचकांचें बालपण खेड्यांत गेलें असेल त्यांनीं बैलगाडीच्या चाकावर धांव चढवितांना पाहिली असेल. लोहार लोखंडी पट्टीची कडी चाकाच्या परिघाहून मुद्दाम थोडी लहान करतो, गोंवर्‍यांच्या जाळांत ती लाल होऊं देतो, आणि दोघे-तिघे मिळून सांडशींनीं उचलून ती लांकडी चाकावर बसवितात. लगेच घागरीमागून घागरी पाणी. धांव आटते, लांकडाचे सांधे करकरत मिटतात, आणि तें चाक पुढें कित्येक वर्षें खडकाळ वाटा तुडवितें. 4 फूट व्यासाच्या चाकाचा परीघ साडेबारा फुटांचा. लोखंड 600 अंश तापलें तर तेवढ्या परिघांत सुमारें 1 इंचाची वाढ होते. ती इंचभर वाढ हेंच लोहाराचें भांडवल. आगगाडीच्या रुळांची गोष्टही सर्वांस ठाऊक आहे: 13 मीटरचा रूळ 40 अंशांच्या फरकानें 6 मिलिमीटर लांबतो, म्हणून पूर्वीं दोन रुळांत फट ठेवीत, आणि दौंड-मनमाड मार्गावरील त्या खट्खटीच्या तालावर आमच्या पिढीनें पुष्कळ झोपा काढल्या आहेत.

या दोन्ही उदाहरणांत वाढणारी वस्तु धातूची आहे. धातु वाढतात खरे, पण बेतानें. एक मीटर लांबीची कांब 1 अंश सेल्सिअसनें तापविली असें समजूं. पोलादाची कांब 11 ते 12 मायक्रॉन वाढते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तांब्याची 17, पितळेची 19, अल्युमिनियमची 23. आतां प्लास्टिकांकडे वळावें. पट्ट्या व पाट्या ज्याच्या करतात त्या अॅक्रिलिकची वाढ सुमारें 70 मायक्रॉन, नायलॉनची 80 ते 100, ज्यापासून बादल्या व डबे होतात त्या पॉलिप्रॉपिलीनची 100 ते 150, आणि उंसाच्या शेतांतून अंथरलेल्या ठिबकाच्या काळ्या नळ्यांची त्याहूनही अधिक, 200 पर्यंतसुद्धां. म्हणजे पोलादाच्या सातपट, आठपट, दहापट, पंधरापट. कारण असें कीं, धातूचे अणु स्फटिकाच्या रचनेंत चोहोंकडून एकमेकांस घट्ट बांधलेले असतात. प्लास्टिकाचे रेणु म्हणजे लांबच लांब साखळ्या. साखळी आपल्या लांबीच्या दिशेनें बळकट, पण एका साखळीचें दुसरीशीं बंधन अगदीं सैल. थोडी ऊब मिळतांच त्या एकमेकींपासून सरकून बसतात.

येथें वाचक म्हणतील कीं वाढेना कां. मायक्रॉन म्हणजे डोळ्यांस न दिसणारी गोष्ट, तिचा संसाराशीं संबंध काय? संबंध आहे, आणि आमच्या नगरास तर विशेष आहे. अहमदनगर (2024 पासून शासनदरबारीं अहिल्यानगर) हें नुसतें किल्ल्याचें व साखरेचें शहर राहिलेलें नाहीं. दौंड रस्त्यावर कायनेटिकचा कारखाना झाला आणि 1972 सालीं बाजारांत आलेली लूना घरोघर पोहोंचली. लार्सन अँड टूब्रोनें येथें विजेच्या स्विचगियरचा मोठा कारखाना उभारला. तो व्यवसाय 2020 मध्यें श्नायडर कंपनीकडे गेला. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्थाही येथेंच आहे. अशा मोठ्या झाडांच्या सावलींत नागापूरच्या औद्योगिक वसाहतींत लहान लहान शेड उभ्या राहिल्या: चार लेथ, एक ड्रिलिंग मशीन, वर पत्रा, आणि आंत आपल्याच घरांतलीं मुलें. आजमितीस सुशिक्षित एकत्र कुटुंबांतून असा एखादा पुतण्या किंवा भाचा सांपडणारच. पूर्वीं या शेडमधून लोखंड, पितळ आणि अल्युमिनियम कातलें जाई. आतां नायलॉन, डेल्रिन, टेफ्लॉन यांचे दंडगोल येतात आणि त्यांच्या कड्या, बुश, दांतेरी चाकें होऊन बाहेर जातात. हत्यारें तींच, कारागीर तेच. पदार्थ मात्र बदलला. आणि पदार्थ बदलतांच पिढ्यान्पिढ्या निर्वेधपणें चालत आलेली एक संवय अचानक खोटी ठरली.

ती संवय कोणती, तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण सर्व गोम तींत आहे. कारखान्यांत लांबी मोजावयाचें साधन, मग तें व्हर्नियर असो, मायक्रोमीटर असो कीं गेज असो, पोलादाचें असतें. पोलादाचा तुकडा पोलादाच्या मायक्रोमीटरनें मोजतांना दोघेही एकाच पंक्तीस बसलेले असतात. ऊन चढलें तर तुकडा वाढतो आणि मायक्रोमीटरही त्याच प्रमाणांत वाढतो. 100 मिलिमीटरचा तुकडा 38 अंशांवर 2 शतांश मिलिमीटर वाढला, पण मोजणाराही तितकाच वाढला असल्यामुळें वाचन 100च येतें, आणि 20 अंशांवर निवाल्यावरही 100च येतें. म्हणजे येथें उष्णता नाहींशी झालेली नसते. ती वजा होत असते. कारागिरास याचा पत्ता नसतो, असण्याचें कारणही नसतें. अल्युमिनियम आलें तेव्हां ही वजाबाकी थोडी चुकूं लागली, पण चूक 2 शतांशांची, खपून जाई. नायलॉनचा तुकडा मात्र त्याच 18 अंशांत 16 शतांशांनीं वाढतो. त्यांतून मायक्रोमीटरचे 2 गेले तरी 14 उरतात, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून अधिक.

आतां, ‘20 अंशांवर’ असें आम्ही वारंवार म्हणत आहों तें कां? वस्तूची लांबी उष्णतेनुसार बदलते असें एकदां मान्य केलें कीं ‘या कडीचा व्यास 120 मिलिमीटर आहे’ हें विधान अपुरें ठरतें. कोणत्या उष्णतामानावर, हें सांगितल्यावांचून त्यास अर्थ नाहीं. जुना मीटर बर्फ वितळण्याच्या बिंदूवर, म्हणजे 0 अंशांवर ठरविलेला होता. इंग्रजांचा यार्ड 62 अंश फॅरनहाइटवर. 1931 सालीं वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय समितीनें औद्योगिक मापांसाठीं 20 अंश सेल्सिअस ही एकच मर्यादा ठरविली. आणि पुढें आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें 1951 सालीं आपली अगदीं पहिली शिफारस काढली ती याच विषयावर. सर्व मानकांच्या आरंभीं उष्णतामान बसावें हें आम्हांस मोठें समर्पक वाटतें. ड्रॉइंगवर 20 अंश असें लिहिलेलें नसलें तरी तें गृहीत धरलेलें असतें. परंतु हा आंकडा थंड देशांतील खोलीच्या सोयीनें ठरला. आमच्या नगरास मार्गशीर्षांत पहाटे पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो आणि वैशाखांत दुपारीं 40 अंशांस टेंकतो. या वर-खालीं जाण्याच्या वाटेंत 20 अंश लागतात खरे, पण थांबत नाहींत.

तर आतां तो प्रकार. आमचा एक जुना विद्यार्थी, त्याचे थोरले बंधु व एक चुलत बंधु असे तिघे मिळून एक लहानशी शेड चालवितात. एका बाहेरगांवच्या कंपनीनें त्यांस 300 नायलॉनच्या कड्या करावयास दिल्या: बाहेरचा व्यास 120 मिलिमीटर, टॉलरन्स अधिक-उणा 5 शतांश. काम मे महिन्यांत झालें. पत्र्याखालीं पारा 41 अंशांवर. पारनेर तालुक्यांतील एक तरुण टर्नर लेथवर होता, आय.टी.आय. झालेला, हाताचा स्वच्छ, बोलण्यांत भिडस्त. त्यानें प्रत्येक कडी मोजून, पुसून, खोक्यांत भरली. आठ दिवसांनीं कंपनीच्या तपासणी-खोलींतून, जेथें यंत्रानें हवा 20 अंशांवर राखलेली असते, तेथून निरोप आला कीं सर्वच्या सर्व कड्या 119.80 च्या आसपास भरतात. माल परत नेण्यात यावा.

मालाची किंमत, महिन्याची मजुरी आणि पुढील कामाची आशा, सर्वच पाण्यांत. घरांत जें व्हावयाचें तें झालें. चुलत बंधूंनीं मायक्रोमीटरवर संशय घेतला. तो पोलादाच्या प्रमाण-तुकड्यावर लावून पाहिला तों बिनचूक. मग थोरले म्हणाले, “मायक्रोमीटर खरा, तर माणूस खोटा.” टर्नरचा अर्धा पगार राखून ठेवण्यांत आला व त्यास उद्यांपासून येऊं नको असें सांगण्यांत आलें. त्यानें जातां जातां इतकेंच म्हटलें, “साहेब, मी दोनदां सांगितलं होतं. सकाळच्या पाळीला तेच पीस लहान भरत्यात.” दोन्ही वेळां त्यास मायक्रोमीटर नीट धरावयास सांगितलें गेलें होतें. यावरून भावाभावांतही शब्दास शब्द वाढला. कामगार कोणीं ठेवला, काम कोणीं आणलें, भांडवल कोणाचें, येथवर गोष्ट गेली. आमचा विद्यार्थी आमच्याकडे आला तो नायलॉनविषयीं विचारावयास नव्हे, तर वांटणी करून घ्यावी कीं काय, हें विचारावयास.

त्याच्या पिशवींत त्या टर्नरची वही होती. खोक्याबरोबर परत आलेली, कोणीं उघडूनही न पाहिलेली. तींत शाळकरी अक्षरांत दोन रकाने होते, ‘दु. 2’ आणि ‘स. 6’. दुपारीं 120.00 भरलेली कडी सकाळीं 119.85, दुसरी 120.01, सकाळीं 119.86, अशा अकरा कड्या. कारण त्यास ठाऊक नव्हतें, पण जें दिसलें तें त्यानें लिहून ठेवलें होतें. आम्हीं विद्यार्थ्यापुढें पाटी-पेन्सिल सरकविली आणि हिशेब त्यानेंच करावा असा आग्रह धरला. नायलॉन दर मीटरला दर अंशाला 90, पोलाद साडेअकरा. फरक साडेअठ्ठ्याहत्तर मायक्रॉन. 41 अंशांवरून पहाटेच्या 25 अंशांपर्यंत 16 अंश उतार. 120 मिलिमीटरवर तो 15 शतांश. वही हेंच सांगत होती. 20 अंशांपर्यंत 21 अंश उतार. तो 20 शतांश, म्हणजे 119.80. कंपनीचा कागद हेंच सांगत होता. दोन मिनिटें तो कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “सर, म्हणजे आम्ही तिघंही खरं मोजत होतों.” आम्हांस तें उत्तर अर्धवट वाटलें, कारण तिघांपैकीं एकानेंच दोनदां मोजलें होतें.

थोरले बंधु दुसर्‍या दिवशीं स्वतः त्याच्या खोलीवर गेले, ही गोष्ट त्यांस भूषणावह आहे. तो परत आला, राखलेला पगार घेऊन आणि पुढचा वाढवून मागून. आमच्या मतें त्यानें योग्यच केलें. 300 कड्या मात्र वायां गेल्या त्या गेल्याच. कंपनीस दोष देतां येत नाहीं. तिनें 20 अंशांवर मागितलें आणि 20 अंशांवर मोजलें.

दोन पदार्थांच्या असमान वाढीचा हा पेंच नवीन नाहीं. आपल्या मराठवाड्याच्या शिवेवर बीदर आहे. हिंदुस्थानच्या थोरल्या त्रिकोणमितीय मोजणींत जीं थोडीं आधारसूत्रें प्रत्यक्ष जमिनीवर मोजलीं गेलीं त्यांतलें एक बीदरजवळचें होय. कांहीं मैलांची सरळ रेषा उन्हातान्हांत टोंकापासून टोंकापर्यंत मोजावयाची आणि तींत इंचांचीही चूक होऊं द्यावयाची नाहीं, असें तें काम. साधी लोखंडी कांब वापरावी तर सकाळची व दुपारची कांब एक नव्हे. म्हणून कर्नल एव्हरेस्टनें 1830 सालीं विलायतेहून कोल्बीच्या युक्तीच्या कांबी आणविल्या, आणि 1831-32 मध्यें कलकत्त्याच्या सूत्रावर त्या प्रथम येथें वापरल्या गेल्या. युक्ति अशी: 10 फुटांची एक पितळेची व एक लोखंडाची कांब शेजारीं शेजारीं ठेवून मध्यावर जोडलेली. दोन्ही टोंकांस दोहोंना सांधणारी एकेक आडवी जीभ. उष्णता वाढली कीं पितळ अधिक पसरतें, लोखंड कमी. त्यामुळें जीभ तिरकी होते. जिभेच्या लोखंडाकडील वाढविलेल्या अंगावर एक बिंदु असा सांपडतो कीं तो तिरकेपणानें मागें येतो तितकाच वाढीनें पुढें जातो, म्हणजे जागचा हलत नाहीं. अंतर मोजावयाचें तें या दोन बिंदूंमधलें. ज्या असमानतेनें आमच्या विद्यार्थ्याचें घर फुटावयास आलें होतें तिलाच येथें चाकरीस लाविलें होतें. तरीही कांबी तंबूंच्या सावलींत ठेवाव्या लागत. कारण दोन धातु सारख्याच वेगानें तापतील तरच ही युक्ति साधते. पुढें 1896 सालीं गियोम या शास्त्रज्ञास लोखंड व निकेल यांचा असा मिश्रधातु सांपडला कीं तो जवळजवळ वाढतच नाहीं. त्यास इन्व्हार म्हणतात. गियोमला 1920 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

याहून कितीतरी प्राचीन काळीं आपल्या शुल्बसूत्रकारांपुढेंही मापाचा असाच प्रश्न उभा होता. वेदीच्या विटा ठराविक मापाच्याच हव्यात, पण वीट वाळतांना व भाजतांना आंखडते. हा र्‍हास त्यांनीं ओळखला होता, आणि भाजल्यानें जें उणें पडेल तें मातीनें भरून काढावें अशी व्यवस्थाही करून ठेविली होती. यावरून प्राचीनांस उष्णतेनें होणारें प्रसरण ठाऊक होतें असें कोणी म्हणूं लागेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. विटेचें आंखडणें हें पाणी व भट्टी यांचें कार्य आहे आणि तें उलट फिरत नाहीं. नायलॉनची कडी रोज वाढते व रोज आटते. साम्य एवढेंच कीं माप घ्यावयाचें तें कोणत्या अवस्थेंतील वस्तूचें, हा प्रश्न त्यांनीं विचारला.

नायलॉनच्या बाबतींत तर अवस्था एकट्या उष्णतेनें ठरत नाहीं. त्यास पाण्याची तहान आहे. कोरडें नायलॉन पावसाळी हवेंतील ओल शोषून घेतें आणि फुगतें. 100 मिलिमीटरच्या तुकड्यांत ही वाढ अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जाऊं शकते, म्हणजे उन्हाळ्याच्या उष्णतेहूनही अधिक. चैत्रांत केलेला बुश आषाढांत दांड्यावर आवळून बसला तर टर्नरला बोल लावण्यापूर्वीं पंचांग पाहावें! टेफ्लॉनचा स्वभाव आणखीच चमत्कारिक. तव्यावर ज्याचा लेप असतो तोच हा पदार्थ. 19 अंशांच्या आसपास त्याच्या रेणूंची आंतील मांडणीच बदलते आणि घनफळ शेंकडा एक किंवा त्याहून अधिक वाढतें; 30 अंशांजवळ पुन्हा एक लहानसा बदल होतो. जगानें मापासाठीं निवडलेलें उष्णतामान नेमकें या उंबरठ्याच्या शेजारीं यावें हा योगायोगच म्हणावयाचा. 18 अंशांवर मोजलेली टेफ्लॉनची चकती आणि 22 अंशांवर मोजलेली तीच चकती यांचीं मापें साध्या गुणाकारानें जुळणार नाहींत.

शिवाय प्लास्टिक निवण्यास वेळ घेतें. पोलादांतून उष्णता जितक्या सहज वाहते त्याच्या सुमारें दोनशेंव्या हिश्शानेंच ती नायलॉनमधून वाहते. लेथवर कातलेला जाड तुकडा बाहेरून हातास गार लागतो, पण पोटांत ऊन तसेंच असतें. पोलादाचा तुकडा ओट्यावर घटकाभर ठेवला तरी पुष्कळदां भागतें. नायलॉनचा तुकडा रात्रभर ठेवावा. आणि तो मऊ. मायक्रोमीटर जोरानें आवळला तर तुकडा दबतो व वाचन कमी येतें. हत्याराच्या मागची खट्खट् करणारी कळ याचसाठीं असते, तिच्याऐवजीं अंगठ्याच्या जोरावर माप घेणार्‍यांनीं प्लास्टिकाच्या वाटेस जाऊं नये.

लहान शेडवाल्यांनीं मग काय करावें? लाखों रुपये घालून थंड खोली बांधणें सर्वांस शक्य नाहीं, आणि आमच्या मतें जरूरही नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें जी तोड काढली ती आम्हांस फार आवडली. त्यानें त्याच नायलॉनच्या दंडगोलांतून एक कडी काढून ती 20 अंशांच्या खोलींत मोजवून आणली, आणि ती नमुना म्हणून टर्नरच्या टेबलावर ठेवली. आतां प्रत्येक नवी कडी त्या नमुन्याशीं ताडून पाहतात. ऊन चढलें तर नमुनाही चढतो. ओल आली तर नमुनाही फुगतो. मोजणारा आणि मोजला जाणारा पुन्हा एका पंक्तीस बसले आणि जुनी वजाबाकी परत आली. अर्थात् नायलॉनचा नमुना पोलादाच्या गेजासारखा चिरंजीव नव्हे; तो अधूनमधून पुन्हा मोजवून आणावा लागतो. जेथें नमुना करणें परवडत नाहीं तेथें भिंतीवर एक साधा उष्णतामापक टांगावा आणि त्याखालीं गुणाकाराचा तक्ता चिकटवावा. त्या शेडमध्यें आतां दोन्ही आहेत, आणि तक्ता त्या पारनेरच्या टर्नरच्याच अक्षरांत आहे.

आमच्या वाचक भगिनींस ही असमान वाढ रोज भेटत असते. स्टीलच्या डब्यावर बाहेरून बसणारें प्लास्टिकचें झांकण अडकलें तर त्यावर ऊन पाणी ओततात. झांकण डब्याहून कितीतरी अधिक पसरतें आणि सैल होतें. तेंच प्लास्टिकचें बूच स्टीलच्या बाटलीच्या तोंडांत आंतून बसत असेल तर ऊन पाण्यानें तें अधिकच आवळेल; तेथें गार पाणी हवें. शेतकरी ठिबकाच्या नळ्या ताणून न बांधतां नागमोडी अंथरतात. 100 मीटरची नळी दुपार व पहाट यांमधील 20 अंशांच्या फरकानें 35-40 सेंटीमीटर आंखडते, आणि ताणलेली असेल तर सांध्यांतून निसटते.

सुटींत घरीं मुलें असतील तर त्यांजकडून पुढील प्रयोग करवून घ्यावा. खर्च कांहीं नाहीं. कंपासपेटींतील 30 सेंटीमीटरची प्लास्टिकची पट्टी आणि तितक्याच लांबीची स्टीलची पट्टी घ्यावी. दोन्ही माठाच्या पाण्यांत पाव तास बुडवून, शून्याच्या खुणा जुळवून, 30 च्या खुणा भिंगांतून पाहाव्या व कोणती किती पुढें आहे तें टिपून ठेवावें. दोन छाप्यांच्या पट्ट्या मुळांतच तंतोतंत जुळत नाहींत, म्हणून हें पहिलें टिपण अवश्य घ्यावें. मग दोन्ही पट्ट्या आंघोळीच्या कढत, परंतु उकळत्या नव्हे, अशा पाण्यांत तितकाच वेळ ठेवून, पाण्यांतच ठेवून पुन्हा पाहावें. सुमारें 23 अंशांचा फरक असेल तर प्लास्टिकच्या पट्टीची शेवटची खूण जवळजवळ 4 दशांश मिलिमीटर पुढें सरकलेली दिसेल. पाहिलेले आंकडे वेळेसह वहींत लिहावे.